पहिल्या ४४६ बाइटांची गोष्ट

नांदेडहून मुदखेड, भोकर करत आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर हिमायतनगर लागतं. गावाचं जुनं नाव वाढोणा. महाशिवरात्रीला श्री परमेश्वराच्या यात्रेला येणाऱ्यांच्या तोंडी ते अजूनही असतं. एका अंगाला तेलंगणाची हद्द, दुसऱ्या अंगाला पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा. जिल्ह्याच्या अशा टोकाला संगणकाचा एखादा भाग लागला, तर तो नांदेडहून यायचा. तिथे नसला तर हैदराबादहून किंवा पुण्याहून. म्हणूनच सर्व्हरच्या इतिहासातला एक जुना, चिवट बिघाड अशा गावांना सगळ्यांत महाग पडत आला आहे. जुन्या डिस्क काढल्या, नव्या लावल्या, डेटा एकूण एक उतरला, आणि मशीन काही केल्या उठत नाही.

तालुक्याच्या गावी सर्व्हर म्हटलं की काचेची खोली आणि गार हवा डोळ्यांपुढे आणू नये. पतसंस्थेच्या मॅनेजरच्या टेबलाखाली, कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यात, जिनिंगच्या वजनकाट्याशेजारी, केबलवाल्याच्या माळ्यावर असं कुठेही एखादं साधं कॅबिनेट असतं. त्यात एकसारख्या दोन डिस्क, आणि एका डिस्कवर लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीवर उतरवणारं लिनक्स. डिस्कांच्या प्रती सांभाळणारं खास रेड (आरएआयडी) कार्ड घेण्याइतका पैसा नसतो, म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर सोपवलेलं. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. कागदावर तरी.

ही दोन प्रतींची कल्पना लिनक्सहून बरीच जुनी. आयबीएमने १९५६ साली रामॅक ३०५ बरोबर पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. चोवीस इंची पन्नास तबकड्यांवर तिच्यात जेमतेम पन्नास लाख अक्षरं मावत. अशा यंत्राची दुसरी प्रत ठेवणं बड्या बँकांनाच परवडलं असतं. आयबीएमच्याच नॉर्मन केन ओउची यांना १९७८ साली एका पेटंटचा हक्क मिळाला. एक साठवण निकामी झाली, तर उरलेल्या साठवणींवरून तिच्यातली माहिती परत कशी उभी करायची, याची ती युक्ती होती. टँडम कंपनीच्या नॉनस्टॉप यंत्रांतही जोडीने चालणाऱ्या डिस्क होत्या. पण हा सगळा मोठ्या घरचा मामला.

तो सामान्यांच्या आवाक्यात आणला बर्कलीच्या तिघांनी. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली शिकागोच्या परिषदेत एक निबंध वाचला. मोठी महागडी डिस्क एकटी वापरण्यापेक्षा पीसीत बसणाऱ्या स्वस्त डिस्कांचा जथा करा, मग त्यातली एखादी मेली तर मरू द्या, असं त्यांचं म्हणणं. या जथ्याला त्यांनी दिलेल्या रेड (आरएआयडी) या नावातल्या ‘आय’चा अर्थ त्यांच्या लेखी ‘स्वस्त’ असाच होता. पुढे महागडी रेड यंत्रं विकणाऱ्यांनी तो बदलून ‘स्वतंत्र’ केला. धंद्याचा सगळा स्वभाव त्या एका अक्षरात दिसतो.

त्या निबंधात चर्चा होती ती डिस्क मेल्यावर डेटा कसा वाचवायचा याची. वीज आल्यावर मशीनने पहिलं पाऊल कुठे टाकायचं, हा त्याचा विषय नव्हता. असायचं कारणही नव्हतं, कारण संशोधकांच्या डोळ्यांपुढे जो डिस्कांचा जथा होता तो आधीच चालू असलेल्या मोठ्या यंत्राला बाहेरून जोडलेला होता. पुढच्या तीस वर्षांचा मनस्ताप नेमका या सोडलेल्या जागेतून निघाला.

लिनक्स भारतात घरोघर पोचलं ते मासिकासोबत मिळणाऱ्या सीडीवर. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाशी जोडलेले होते. १९९६ पासून त्या मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत येत होतं, तेव्हा आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणं लहान शहरात अशक्यच होतं. सीडी टपालाने यायची. नांदेडात १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं आणि १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. शिकलेली मुलं होती, हाताशी पुस्तकं कमी होती, आणि एका सीडीच्या प्रती काढत गेल्या तर त्यात चोरी नव्हती. लिनक्सच्या पसरण्याला याहून मोठं कारण शोधायची गरज नाही. पुढे मोठ्या संस्थाही वळल्या. आयुर्विमा महामंडळाच्या कचेऱ्यांतले सर्व्हर जुन्या युनिक्सवरून रेड हॅट लिनक्सवर आले, ते याच लाटेत.

त्याच १९९६ साली लिनक्सच्या २.० आवृत्तीत ‘एमडी’ नावाचा भाग आला. मार्क झिंजिए यांनी लिहिलेला हा पहिला भाग फक्त डिस्क एकापुढे एक जोडायचा किंवा त्यांच्यावर पट्टे पाडायचा. खरी दोन प्रतींची सोय इंगो मोलनार, गादी ऑक्समन आणि मिगेल दे इकाझा यांच्या हातून झाली. २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ आवृत्तीत ती पक्की बसली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात काम करणाऱ्या नील ब्राउन यांनी ‘एमडीएडीएम’ हे अवजार लिहिलं. आज लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड हाताळणारे बहुतेक जण तेच वापरतात.

आता मूळ दुखण्याकडे. जुन्या बायोसच्या पीसीत डिस्कचं पहिलं सेक्टर ५१२ बाइटांचं. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडचे, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ बाइट शिक्क्याचे. लिनक्सवाले रेड बांधत ते पार्टिशनांचं. पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन आणि दुसरीचं पहिलं पार्टिशन यांची जोडी, मग दुसऱ्यांची जोडी. ते पहिलं सेक्टर कोणत्याच पार्टिशनमध्ये येत नाही. म्हणजे दोन्ही डिस्कांवर शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं सारखं, फक्त सुरुवातीचे ४४६ बाइट तेवढे एकीवर आहेत आणि दुसरीवर नाहीत. आणि ते नाहीत हे कुठलाही तक्ता सांगत नाही. रेडची तब्येत पाहायला एमडीस्टॅट ही फाइल उघडली की कंसात दोन ‘यू’ दिसतात, म्हणजे दोन्ही डिस्क ठणठणीत. एक गेली की एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ येते. पहिल्या सेक्टरबद्दल त्या कंसात एक अवाक्षर नाही.

अशा मशीनवर डिस्क बदलण्याचा क्रम साधा वाटतो. मशीन बंद करून दुसरी डिस्क काढायची, नवी लावायची, मशीन सुरू करायची, नवीला जोडीत घ्यायची आणि प्रत उतरेपर्यंत थांबायचं. सेकंदाला शंभर मेगाबाइटचा वेग मिळाला तरी एका टेराबाइटला पावणेतीन तास लागतात. दोन ‘यू’ दिसले की मग पहिली जुनी डिस्क काढायची. आणि इथेच पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटतं: ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’. ते ४४६ बाइट काढून ठेवलेल्या डिस्कसोबत टेबलावर पडलेले असतात.

हा प्रकार तरी बरा, कारण चूक आणि तिचं फळ एकाच दुपारी भेटतात. चालू मशीनमध्येच डिस्क बदलता येत असेल तर फसगत याहून लांबते. दोन्ही डिस्क बदलल्या, काम अखंड चाललं, बिल झालं, माणूस गावी परतला. सर्व्हर चालू आहे तोवर सुरुवातीचा कोड कोणी वाचतच नाही. तो वाचला जातो पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा.

आणि मराठवाड्यात लाइट जायचीच. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची काढली. दिवसातले कित्येक तास वीज नाही, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षं झाकली राहिली असती अशी चूक इथे आठवड्याच्या आत चव्हाट्यावर यायची. एका अर्थाने लोडशेडिंगने या भागातल्या संगणक दुरुस्तीवाल्यांना जे शिकवलं ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं: काम झाल्यावर मशीन मुद्दाम बंद करून, एकेक डिस्क काढून, दोन्हींवरून स्वतंत्रपणे उठतं का ते पाहायचं आणि मगच चहा घ्यायचा. लाइट मध्येच गेली की जोडीची प्रत पहिल्यापासून ताडून पाहावी लागे, हाही एक जाच होता. लिनक्समध्ये २००५ च्या सुमारास ‘बिटमॅप’ची सोय आली आणि तो सुटला, कुठे लिहिणं चालू होतं तेवढ्याची खूण त्यात राहते आणि तेवढंच परत तपासलं जातं.

त्या ४४६ बाइटांत कोणता कोड असायचा, याचाही इतिहास आहे आणि तो अधिक मजेदार. सुरुवातीची वर्षं लिलोची. वेर्नर आल्मेसबर्गर यांचा हा बूटलोडर म्हणजे नाव-गाव न विचारता नुसती पावलं मोजत घर गाठणारा पोस्टमन. लिनक्सची फाइल डिस्कवर कोणकोणत्या सेक्टरांत आहे, तेवढी यादी तो स्वतःजवळ ठेवी. फाइलचं नाव, फोल्डर त्याला कळत नसे. डिस्क बदलली, फाइल शेजारच्या सेक्टरात गेली, की लिलो जुन्याच दाराशी. मात्र त्याने एक उपकार केला होता. पडद्यावर तो आपलं नाव एकेक अक्षर करत लिही, आणि जिथे अडेल तिथे थांबे. नुसतं ‘एल’ आणि पुढे आकडे म्हणजे डिस्क वाचता येत नाही. ‘एल-आय’वर थांबला म्हणजे दुसरा टप्पा सापडला पण चालला नाही, बहुधा डिस्कची मोजमापं बदललेली, किंवा फाइल हलवल्यावर लिलो परत चालवायचा राहिलेला. ‘एल-आय-एल’ म्हणजे नकाशा वाचताना अडलं. चारही अक्षरं उमटली की सुटलो. फोनवरून ‘पडद्यावर काय दिसतंय?’ विचारून नांदेडच्या माणसाने हिमायतनगरचं मशीन दुरुस्त करायचं, तर याहून सोयीची तऱ्हा नंतर कोणी केली नाही. हल्लीच्या कंपन्यांचा झळकता लोगो आणि खाली फिरणारं चक्र त्यापुढे काहीच सांगत नाही.

मग ग्रब आला. एरिक बोलिन यांनी १९९५ साली सुरू केलेल्या या बूटलोडरला फाइलचं नाव कळायचं, त्यामुळे फाइल हलली तरी तो ती शोधून काढी. पण जुन्या ग्रबला रेड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तरीही दोन प्रतींच्या रेडवरून तो बिनतक्रार मशीन सुरू करी. याचं इंगित असं की एमडीची ओळखपट्टी, म्हणजे सुपरब्लॉक, तेव्हा पार्टिशनच्या शेपटाला लिहिलेली असे. ग्रब पुढून वाची, त्याला नेहमीचंच पार्टिशन दिसे, आणि शेवटाकडे तो बघतच नसे. लिनक्सची त्या काळची अख्खी सोय अशा गोड गैरसमजावर उभी होती.

जुनी ओळखपट्टी ०.९० आवृत्तीची. जोडीत २८ डिस्कांपलीकडे आणि मोठ्या आकारांपलीकडे ती पुरेना. नव्या १.२ पट्टीने जागा बदलली. ती पार्टिशनच्या सुरुवातीपासून चार किलोबाइटांवर बसली आणि २०१० च्या सुमारास एमडीएडीएमने तीच न विचारता वापरायला सुरुवात केली. झालं! नव्या मोठ्या डिस्क आणल्या, त्यांच्यावर नव्याने रेड बांधलं, डेटा उतरवला, आणि जुना ग्रब ‘एरर १७’ म्हणून ठप्प. दुरुस्ती करणारा डेटा पुन्हा पुन्हा तपासतोय, डेटा अगदी बरोबर. बिघडलं होतं ते पट्टीमुळे पुढे सरकलेलं वाचनाचं ठिकाण. ज्यांना हे कळलं त्यांनी ‘बूट’चं एक छोटं पार्टिशन वेगळं काढून त्यावर शेपटाला पट्टी ठेवणारी १.० आवृत्ती वापरली. रेड समजणारा ग्रब २ उबुंटूने २००९ च्या ऑक्टोबरात घेतला होता, पण तालुक्यातल्या मशीनवर जे एकदा बसलं ते पाच-सात वर्षं बसलं.

पुण्याचा या कथेतला वाटा वेगळ्या बाजूने येतो. व्हेरिटास या अमेरिकन कंपनीचं व्हॉल्यूम मॅनेजर बड्या युनिक्स सर्व्हरांवर सॉफ्टवेअर रेडचंच काम करी आणि कंपनीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. ज्या डिस्कवरून मशीन उठतं तीच डिस्क या व्यवस्थेत घ्यायची तिची एक खास प्रक्रिया होती, आणि बिघाड झाला की मशीन उठवणं किती त्रासाचं होतं, हे सोलारिस हे युनिक्स सांभाळलेली माणसं अजून सांगतात. म्हणजे पैसे मोजलेल्या महागड्या सॉफ्टवेअरलाही हे कोडं सरळ सुटलं नव्हतं.

२०११ च्या शेवटी थायलंडच्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर किमती चढल्या. लोकांनी डिस्क बदलणं लांबवलं आणि बदलल्या तेव्हा एकदम मोठ्या घेतल्या. दोन टेराबाइटच्या वरच्या डिस्कला पार्टिशनचा जुना ६४ बाइटांचा तक्ता पुरत नाही, तिथे जीपीटी तक्ता लागतो. आणि जीपीटीत ग्रबला बसायला पहिल्या पार्टिशनआधीची जुनी रिकामी फट उरत नाही. बायोसच्या मशीनवर त्यासाठी एखाद मेगाबाइटचं वेगळं पार्टिशन काढावं लागतं. ते न काढता नुसता जुना पार्टिशन-तक्ता नव्या डिस्कवर उतरवलेल्यांची गाडी तिथे अडली.

बूटलोडरची पायरी चढली की पुढची पायरी इनिटरॅमएफएसची. लिनक्सचा गाभा पूर्वी ०.९० ची पट्टी पाहून रेड स्वतः जुळवी. नव्या पट्टीसाठी ते काम बंद झालं. सुरुवातीला मेमरीत उघडणारी ही छोटी पोतडी आणि तिच्यातलं एमडीएडीएम रेड जुळवतं. पोतडी बांधली त्या दिवशी जी ओळख लिहिली, तीच तिच्यापाशी. नव्या डिस्कवर रेड नव्याने बांधलं तर त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, नवा असतो, पोतडी जुना शोधते, अर्धं मिनिट वाट पाहते आणि एका उघड्या शेलमध्ये आणून सोडते. किंवा रेड जुळतं, पण ‘एमडी०’ म्हणून ओळखलेलं ‘एमडी१२७’ होऊन उभं राहतं, आणि काय कुठे लावायचं हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं असतं. असलाच गोंधळ २००७ साली फेडोरा ७ ने घातला होता: सगळ्या ‘एचडीए’ डिस्क एका रात्रीत ‘एसडीए’ झाल्या. तेव्हापासून जाणती माणसं डिस्कला नावाने हाक मारत नाहीत, यूयूआयडीने मारतात.

दुरुस्तीची रीत गेली कित्येक वर्षं तीच आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं, एमडीएडीएमला रेड ‘असेंबल’ करायला सांगायचं, ते एखाद्या फोल्डरवर लावायचं, डेव्ह, प्रॉक आणि सिस ही तीन फोल्डर आत जोडायची, सीएचरूटने आतल्या सिस्टिममध्ये शिरायचं, पोतडी परत बांधायची आणि ग्रब दोन्ही डिस्कांवर बसवायचा. दोन्हींवर! वीस मिनिटांचं काम. घात होतो तो ‘असेंबल’च्या जागी घाईत ‘क्रिएट’ लिहिणाऱ्याचा. असेंबल असलेलं जुळवतं, क्रिएट नवं रेड बांधतं आणि जुन्या ओळखपट्ट्यांवर लिहितं. डिस्कचा क्रम किंवा पट्टीची आवृत्ती चुकली तर मशीन न उठण्याचा साधा त्रास डेटा जाण्यापर्यंत पोचतो. एमडीएडीएम त्याआधी ‘या डिस्कवर आधीच रेड दिसतंय, पुढे जायचं का?’ असं विचारतं. थकलेला माणूस ‘वाय’ दाबतो.

बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर ४४६ बाइट इतिहासजमा झाले. आता सुरुवात होते ती ईएसपी नावाच्या फॅट पार्टिशनमधल्या फाइलवरून, आणि कोणती फाइल उघडायची याची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डच्या मेमरीत असते. त्यामुळे दोन्ही डिस्क जशाच्या तशा उचलून नव्या मशीनमध्ये लावल्या तरी नव्या मदरबोर्डला त्यांची खबर नसते. ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल असेल तरच तो स्वतः शोधतो. फर्मवेअरला रेड कळत नाही, म्हणून ईएसपी रेडमध्ये घ्यायची तर परत ती शेपटाला पट्टी ठेवणारी १.० आवृत्ती, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या ग्रबची फसवणूक नव्याने. त्यात फर्मवेअरने एका प्रतीवर परस्पर काही लिहिलं तर दोन प्रती जुळेनाशा होतात आणि लिनक्सला त्याचा पत्ता नसतो. उबुंटूने २०२० च्या एप्रिलात आलेल्या २०.०४ आवृत्तीत दुसरा मार्ग धरला: रेडच्या भानगडीत न पडता प्रत्येक डिस्कवर वेगळी ईएसपी, आणि ग्रब बदलला की सगळ्यांवर तो बसवायचा. डेबियनवर मात्र दुसरी ईएसपी जुळवत राहण्यासाठी आपली स्क्रिप्ट आपणच लिहायची, ही रीत त्यानंतरही चालू राहिली.